३५व्या वर्षी बी.कॉम.वरून समुपदेशक व्हायचं आहे; घरबसल्या एम.ए. मानसशास्त्र करावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : वय ३५, शिक्षण बी.कॉम., घर कळव्याला, ऐरोलीतल्या कंपनीत बॅक-ऑफिसला ११ वर्षं, कामात मन उरलेलं नाही. नोकरी सांभाळून घरबसल्या एम.ए. मानसशास्त्र केलं तर समुपदेशक होता येईल का?

समुपदेशक होता येईल. पण घरबसल्या नाही, आणि त्यासाठी एम.ए. मानसशास्त्रच केलं पाहिजे असंही नाही.

आधी घरबसल्याचं बघू, कारण नेमकी इथेच लोकांची फी बुडते. यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, २०२५ साली निर्णय घेतला की जुलै-ऑगस्ट २०२५च्या सत्रापासून मानसशास्त्र हा विषय दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने शिकवता येणार नाही. आहारशास्त्र, मायक्रोबायोलॉजी, बायोटेक्नॉलॉजी हे विषयही त्याच यादीत आहेत. यामागे २०२१चा संलग्न आरोग्य व्यवसायांचा केंद्रीय कायदा आहे. माणसाच्या आरोग्याशी थेट संबंध असलेलं काम प्रत्यक्ष सरावाशिवाय शिकवू नये, अशी भूमिका. त्यामुळे कोणी फोन करून ‘वीकेंड ऑनलाइन एम.ए. सायकॉलॉजी, यूजीसी मान्य’ म्हणून जागा विकत असेल तर यूजीसीच्या दूरस्थ शिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर त्या विद्यापीठाची चालू वर्षाची यादी उघडा आणि अभ्यासक्रमाचं नाव अक्षर न् अक्षर जुळवून पाहा. ‘विद्यापीठ मान्य आहे’ एवढ्यावर जाऊ नका. मान्यता विद्यापीठाला वेगळी आणि अभ्यासक्रमाला वेगळी असते, आणि विकणारे नेमका याच फटीचा फायदा घेतात. शिक्षणशास्त्राच्या किंवा ‘वेलनेस’च्या पदवीवर समुपदेशनाचं लेबल लावून विकणं हा त्याचाच दुसरा प्रकार. अशा पदवीवर ‘मानसशास्त्रातील पदव्युत्तर पदवी’ मागणाऱ्या जागेसाठी अर्ज केला तर तो छाननीतच बाजूला पडतो.

आता मुख्य मुद्दा. पदवी कुठली करू, हा प्रश्न सगळ्यात शेवटी यायला हवा. मला रोज काय करायचं आहे, त्या कामाच्या कागदावर सही करायचा अधिकार कोणाला आहे, आणि तो अधिकार कोणत्या पदवीने मिळतो, या क्रमाने विचार करा. बहुतेक जण उलट्या दिशेने जातात. आधी पदवी घेतात आणि मग तिला शोभेल असं काम शोधत फिरतात.

मनाच्या क्षेत्रात सह्यांची वाटणी बऱ्यापैकी स्पष्ट आहे. औषध लिहिणार तो मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टर. तो रस्ता एमबीबीएसवरून जातो, म्हणून सोडून देऊ. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट कोणाला म्हणायचं हे २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यात लिहिलेलं आहे. भारतीय पुनर्वास परिषदेने, म्हणजे आरसीआयने, मान्य केलेली क्लिनिकल सायकॉलॉजीची अर्हता लागते, किंवा मानसशास्त्राच्या पदव्युत्तर पदवीनंतर परिषद-मान्य, दोन वर्षांचं पूर्णवेळ, देखरेखीखालच्या प्रत्यक्ष प्रशिक्षणासह केलेलं एम.फिल. लागतं. हे नुसतं बिरुद नाही. बौद्धिक अक्षमतेच्या किंवा अध्ययन अक्षमतेच्या प्रमाणपत्रासाठी लागणारं मूल्यमापन, बुद्ध्यंकाचा अधिकृत अहवाल (आपल्याकडे अजून बिने-कामत चाचणी सर्रास वापरतात), न्यायालयात चालेल असा अहवाल, या सगळ्यासाठी नोंदणी क्रमांक असलेली सही मागतात. साधं एम.ए. झालेल्या माणसाने असा अहवाल दिला तर तो रुग्णालयाच्या टेबलावरून परत येतो. पालकांचे पैसे जातात आणि देणाऱ्याचं नाव खराब होतं ते वेगळंच.

या रस्त्याची सध्या पुनर्बांधणी चालू आहे. एम.फिल. ही पदवी यूजीसीने २०२२च्या नियमांनी बंद केली. क्लिनिकल सायकॉलॉजी आणि सायकिअॅट्रिक सोशल वर्क या दोन शाखांना २०२५-२६च्या प्रवेशांपर्यंत मुदत वाढवून दिली. त्या जागी परिषदेने क्लिनिकल सायकॉलॉजीतलं दोन वर्षांचं एम.ए. आणि साय.डी. (मानसशास्त्रातली व्यावसायिक डॉक्टरेट) असे अभ्यासक्रम आणले आहेत. तुम्ही प्रवेशाला उभ्या राहाल तेव्हा परिषदेच्या संकेतस्थळावर त्या वर्षाची मान्यताप्राप्त संस्थांची यादी आणि पात्रतेची ओळ दोन्ही वाचा. पदवीला मानसशास्त्र असण्याची अट असेल तर बी.कॉम. तिथेच अडकेल. अट नसली तरी हिशेब असा : एक वर्ष तयारी, दोन वर्षं एम.ए., त्यावर दोन वर्षं प्रशिक्षण, आणि तेही मोजक्या जागांसाठी स्पर्धा करून. म्हणजे चाळिशी. अशक्य नाही, पण ‘नोकरी सांभाळून’ हे शब्द या वाटेवर विसरायचे.

समुपदेशक हे काम वेगळं. त्याला आजवर सक्तीची नोंदणी नव्हती, म्हणून तीन महिन्यांचं प्रमाणपत्र घेतलेलेही पाटी लावतात. २०२१च्या कायद्याने मानसशास्त्रज्ञ आणि वर्तन-आरोग्य समुपदेशक यांना नोंदणीच्या चौकटीत आणलं आहे. राज्य परिषदा उभ्या राहतील तसं ‘कुठे शिकलात, किती तास प्रत्यक्ष काम केलंत, कोणाच्या देखरेखीखाली’ हे विचारलं जाईल. त्यामुळे पहिल्या दिवसापासून एक वही ठेवा : तारीख, ठिकाण, कामाचा प्रकार, तास, सुपरव्हायझरची सही. नंतर जुन्या संस्थेत जाऊन मागच्या तारखांची पत्रं गोळा करणं फार जिकिरीचं होतं. तोवर तिथली माणसं बदललेली असतात.

तुम्ही बी.कॉम. आहात म्हणून एम.एस.डब्ल्यू.कडे तुमचं लक्ष वळवतो. समुपदेशक व्हायचं म्हणणारे या पदवीकडे बघतही नाहीत, हे मला कायम खटकतं. समाजकार्याच्या पदव्युत्तर पदवीला साधारणपणे कोणत्याही शाखेचा पदवीधर चालतो. शिकण्याची पद्धत मुळातच क्षेत्रकार्याची आहे : आठवड्यातले दोन दिवस, साधारण १५ तास, रुग्णालय, शाळा, वस्ती किंवा न्यायालयात काम आणि दर आठवड्याला त्यावर प्राध्यापकांबरोबर बसून चर्चा. म्हणजे पदवी हातात येईपर्यंत शेकडो तास माणसांसमोर बसलेले असतात. एम.ए. मानसशास्त्रात इतके तास क्वचितच मिळतात. शिवाय दारं जास्त. महापालिका रुग्णालयांतले वैद्यकीय समाजसेवक, एचआयव्ही तपासणी केंद्रांतले समुपदेशक (इथे मानसशास्त्रवाल्यांनाही संधी असते), व्यसनमुक्ती केंद्रं, कंपन्यांचे सीएसआर (सामाजिक दायित्व) विभाग. पोलीस ठाण्यांतले महिला व बालकांसाठीचे विशेष कक्षही त्यातच. ही कल्पना टाटा समाजविज्ञान संस्थेने (टिस) १९८४ साली मुंबई पोलिसांबरोबर सुरू केली आणि पुढे ती राज्यभर गेली. शिवाय मोठ्या कारखान्यांना कायद्यानुसार कल्याण अधिकारी नेमावा लागतो. ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्टा तुमच्या रोजच्या वाटेवरच आहे.

मग एम.ए. मानसशास्त्र कोणी करावं? ज्याला शाळेत, कंपनीत किंवा स्वतःच्या खोलीत एका वेळी एका माणसाबरोबर दीर्घकाळ काम करायचं आहे, मापनात आणि संशोधनात रस आहे, किंवा पुढे महाविद्यालयात शिकवायचं आहे, त्याने. शिकवायचं असेल तर एम.ए.ला खुल्या गटात ५५ टक्के आणि नेट किंवा सेट ही प्राध्यापक-पात्रता परीक्षा लागेल, हे आधीच डोक्यात असू द्या. सीबीएसई शाळांना संलग्नता नियमांनुसार समुपदेशन शिक्षक ठेवावा लागतो. त्यामुळे घोडबंदर रोड, खारघर, नेरूळ भागात शाळांच्या जाहिराती दर उन्हाळ्यात निघतात. शाळेत काम करायचं तर पॉक्सो कायद्याचं, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या कायद्याचं, कलम १९ पाठ हवं. मुलाने लैंगिक अत्याचाराची गोष्ट सांगितली तर ती कळवणं बंधनकारक आहे. ‘मी गोपनीयतेचं वचन दिलंय’ ही सबब चालत नाही, आणि मुख्याध्यापकांनी ‘आपण बघू’ म्हटलं म्हणून तुमची जबाबदारीही टळत नाही. मुलाशी पहिल्या भेटीतच गोपनीयतेची मर्यादा सांगायची असते. नवखे नेमकं तेच विसरतात.

अभ्यासक्रमाचा आकार समजून घ्या म्हणजे ‘नोकरी सांभाळून’चा निकाल आपोआप लागतो. नव्या शैक्षणिक धोरणानुसार दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी महाराष्ट्रात साधारण ८८ क्रेडिटची आहे, सत्राला २२. सिद्धांताच्या एका क्रेडिटला १५ तास शिकवणं, प्रात्यक्षिकाच्या एका क्रेडिटला ३० तास. १५ आठवड्यांचं सत्र धरलं तर आठवड्याला कमीत कमी २२ तास वर्गात, वर वाचन आणि अहवाल, आणि उपस्थितीची ७५ टक्क्यांची अट. अमेरिकन शिफ्ट करून सकाळी वर्गाला बसायचा बेत बरेच जण आखतात. पहिलं सत्र निभतं. दुसऱ्या सत्रात ऑन-जॉब ट्रेनिंगचे ४ क्रेडिट येतात, म्हणजे साधारण १२० तास संस्थेत हजेरी, आणि झोपेचं सगळं गणित तिथे कोसळतं. संशोधन प्रकल्प दुसऱ्या वर्षाच्या दोन्ही सत्रांत असतो. संख्याशास्त्राला घाबरणारे पुष्कळ. तुम्ही वाणिज्य शाखेच्या आहात, सरासरी, प्रमाण विचलन, सहसंबंध तुम्हाला नवे नाहीत. इथे तुम्ही बी.ए.वाल्यांच्या पुढे आहात.

जागा कुठे? कळव्याहून विचार केला तर कुर्ला हा तुमचा नाका. मुंबई विद्यापीठाचा उपयोजित मानसशास्त्र विभाग कलिन्याच्या विद्यानगरीत. कुर्ला पश्चिमेहून बस किंवा रिक्षा. टिस देवनारला, कुर्ल्याला हार्बर धरून गोवंडी. एसएनडीटी महिला विद्यापीठाचा मानसशास्त्र विभाग आणि निर्मला निकेतन समाजकार्य महाविद्यालय दोन्ही चर्चगेट परिसरात, म्हणजे दादरला गाडी बदलायची. घरातून वर्गापर्यंत दीड तास धरा, परतीच्या गर्दीला त्याहून जास्त. टिसचे प्रवेश सीयूईटी-पीजी या देशपातळीवरच्या सामाईक प्रवेश परीक्षेतून होतात : ७५ प्रश्न, ९० मिनिटं, बरोबर उत्तराला ४ गुण, चुकल्यास १ वजा. मुंबई विद्यापीठाची प्रक्रिया वेगळी आणि तिच्या तारखाही वेगळ्या. प्रत्येक ठिकाणी पात्रतेत ‘संबंधित विषयातील पदवी’ असे शब्द आहेत का ते पाहा. असतील तर विभागाला ईमेल करून बी.कॉम. चालेल का ते लेखी विचारा. फोनवरचं ‘हो, चालतं’ प्रवेशाच्या दिवशी कामाला येत नाही.

विभाग निवडताना इमारत, रँकिंग, प्लेसमेंटचे फलक बाजूला ठेवा आणि दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना गाठून तीनच गोष्टी विचारा. प्रत्यक्ष क्लायंटसमोर किती तास बसायला मिळालं? त्या कामावर सुपरव्हिजन (अनुभवी समुपदेशकाची देखरेख आणि मार्गदर्शन) कोण देतं, आणि ती व्यक्ती स्वतः प्रॅक्टिस करते का? मागच्या तुकडीतले आज कुठे आहेत? पहिल्या प्रश्नाचं उत्तर ‘आम्ही एकमेकांवर रोल-प्ले केले’ एवढंच आलं तर पदवीनंतर आणखी एक-दोन वर्षं पगाराशिवाय किंवा नाममात्र मानधनावर शिकावं लागेल, हे गृहीत धरा.

पैशांचं. नोकरी सोडताना ग्रॅच्युइटी मिळेल, कारण सलग पाच वर्षांच्या वर सेवा झाली आहे. सूत्र : शेवटचं मूळ वेतन व महागाई भत्ता, गुणिले १५, भागिले २६, गुणिले वर्षं. मूळ वेतन ३०,००० असेल तर ११ वर्षांचे सुमारे १ लाख ९० हजार. हे पैसे फीसाठी न वापरता घरखर्चासाठी राखा. शैक्षणिक कर्ज घेतलंत तर व्याजावर प्राप्तिकरात वजावट मिळते, पण फक्त जुन्या करप्रणालीत. आणि शिकताना उत्पन्नच नसेल तर ती वजावट कोणाच्या नावावर घेणार, हेही पाहा. आणखी एक गोष्ट सगळे विसरतात. कंपनीचा आरोग्य विमा शेवटच्या दिवशी संपतो. राजीनाम्याच्या आधीच स्वतःची पॉलिसी घ्या किंवा गटविम्यातून वैयक्तिक पॉलिसीत जाण्याचा अर्ज करा, नाहीतर जुन्या आजारांसाठीचा प्रतीक्षाकाळ, जो तीन वर्षांपर्यंत असू शकतो, पहिल्यापासून सुरू होतो.

स्वतंत्र प्रॅक्टिसचं गणितही आत्ताच मांडा. आकडे गृहीत आहेत, तुमचे घाला. समजा सेशनला १,००० रुपये, आठवड्याला १२ सेशन, वर्षात ४४ आठवडे : ५२८ सेशन. नौपाड्यात किंवा वाशीत तासावर घेतलेली खोली २५० रुपये, म्हणजे वर्षाला १,३२,०००. महिन्याला दोन सुपरव्हिजन, प्रत्येकी १,५०० : ३६,०००. राहिले ३,६०,०००. आता १५ टक्के लोक आयत्या वेळी रद्द करतील असं धरा. खोलीचं भाडं तर द्यावंच लागतं, मग हाती सुमारे २ लाख ८१ हजार, महिन्याला २३,५०० च्या आत. आणि आठवड्याला १२ सेशन व्हायलाही सुरुवातीला बराच काळ जातो. म्हणून पहिली काही वर्षं शाळा किंवा संस्थेतली अर्धवेळ नोकरी अधिक संध्याकाळची प्रॅक्टिस, हीच जोडी टिकते. रद्द करण्याचा नियम पहिल्याच भेटीत लेखी द्या. मागाहून सांगायला संकोच वाटतो आणि तो संकोच महिन्याच्या शेवटी खिशाला कळतो.

मन रमेल का, हे पदवी घेऊन तपासणं महागात पडतं. त्याआधी, नोकरीत असतानाच, दोन कामं करा. एक : स्वयम्‌ या सरकारी ऑनलाइन शिक्षणमंचावर मानसशास्त्राचा एखादा पूर्ण सत्राचा मोफत अभ्यासक्रम घ्या आणि परीक्षेसकट संपवा. अर्ध्यावर सोडलात तर तेही उत्तरच आहे. दोन : एखाद्या हेल्पलाइनचं किंवा संस्थेचं स्वयंसेवक प्रशिक्षण घेऊन किमान सहा महिने नियमित काम करा. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली सुरू केलेली आयपीएच ही मानसिक आरोग्यासाठी काम करणारी संस्था आहे. त्यांची ‘आवाहन’ ही मराठी यूट्यूब वाहिनीही पाहा, हे काम मराठीतून कसं बोललं जातं ते कळेल. सगळी पदवी इंग्रजीत होते आणि समोर दिवा गावाहून आलेली बाई ‘छातीत धडधडतं, कशातच लक्ष लागत नाही’ असं सांगत असते.

हे करताना स्वतःकडे लक्ष ठेवा. ‘मी चांगलं ऐकून घेते, मैत्रिणी मलाच सगळं सांगतात’ हे या क्षेत्रात येण्याचं सर्वात सामान्य कारण आहे, आणि ते पुरत नाही. मैत्रीण सल्ला घेऊन निघून जाते. क्लायंट तीच अडचण घेऊन आठव्या आठवड्यातही येतो, कधी रागावतो, कधी न सांगता यायचं थांबतो, आणि का थांबला ते तुम्हाला कधीच कळत नाही. असं सहा महिने बघूनही पुढच्या आठवड्यात पुन्हा जावंसं वाटत असेल तर पुढे जा. नाही वाटलं, पण माणसांच्या कामात रस टिकून असेल, तर औद्योगिक मानसशास्त्र किंवा मनुष्यबळ विकास या शाखा पाहा. तिथे तुमची ११ वर्षं अनुभव म्हणून मोजली जातात, समुपदेशनात ती जवळपास शून्यावर येतात.

वेळापत्रक असं ठेवा. सीयूईटी-पीजीचे अर्ज साधारण डिसेंबर-जानेवारीत भरले जातात, परीक्षा मार्चच्या आसपास. तुमचा नोटीस पीरियड ९० दिवसांचा असेल तर निकालाआधी राजीनामा देऊ नका. प्रवेश नक्की झाल्यावर कंपनीशी बोलून तो कमी करून घेणं किंवा पैसे भरून सुटणं त्या मानाने स्वस्त पडतं. कागद मात्र आत्ताच काढा : बी.कॉम.च्या सर्व वर्षांच्या गुणपत्रिका, पदवी प्रमाणपत्र, आणि विद्यापीठ बदलणार असाल तर स्थलांतर प्रमाणपत्र. लग्नानंतर नाव बदललं असेल आणि आधारवर एक, गुणपत्रिकेवर दुसरं असेल तर राजपत्राची प्रत किंवा विवाह प्रमाणपत्र जोडावं लागेल. राजपत्रात नाव यायला वेळ लागतो, म्हणून तो अर्ज सगळ्यात आधी टाका.